घरचा पोहण्याचा हौद : ठेवावा की बुजवावा?

व्यापार-उदीम करणाऱ्या आपल्या बांधवांपैकी अनेकांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत गावी बंगला बांधला. कोणी आखाती देशातील कमाईतून कोकणात घर उभे केले, तर कोणी मुंबई-पुण्यातील दुकानदारी वाढल्यावर कर्जत, खोपोली, लोणावळा, अलिबाग अशा भागात जमीन घेऊन शेतघर बांधले. मुले लहान होती, हातात पैसा होता, म्हणून काहींनी अंगणात पोहण्याचा हौदही करून घेतला. आता मुले मोठी होऊन आपापल्या धंद्याला लागली आहेत. कोणी परदेशी आहे. वर्षातून पंधरा-वीस दिवस घर भरते, बाकीचे दिवस हौद तसाच पडून असतो. मग घरात प्रश्न निघतो की हा हौद ठेवायचा की बुजवून टाकायचा.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. एक बाजू मालकाची, दुसरी बाजू गवंडी, फरशीवाले, नळकाम करणारे आणि मातीकामाचे ठेकेदार यांची. हौद दुरुस्त करण्याचे व बुजवण्याचे कामही शेवटी आपल्याच कारागिरांकडे येते. म्हणून आजच्या धड्यात आम्ही दोघांच्या उपयोगाची माहिती क्रमाने देत आहोत. निर्णय ज्याचा त्याने करायचा आहे. तो हिशोबाने व्हावा, भावनेच्या भरात किंवा नुसत्या कंटाळ्याने होऊ नये, एवढाच आमचा उद्देश आहे.

झालेला खर्च बाजूला ठेवा

हौद बुजवण्याचे नाव काढले की घरातील वडीलधारी मंडळी पहिले वाक्य बोलतात, "एवढे पैसे घालून बांधला, तो काय मातीत घालायला?" हे वाक्य मनाला पटते, पण हिशोबाला पटत नाही. हौदावर झालेला खर्च हौद ठेवला तरी परत येत नाही आणि बुजवला तरी परत येत नाही. दोन्ही पारड्यांत तो सारखाच असल्यामुळे त्याने तराजू हलत नाही.

दुकानदाराला ही गोष्ट नवी नाही. दोन वर्षे न खपलेल्या कापडाचे तागे आपण काय भावाने घेतले होते, याला विक्रीच्या दिवशी महत्त्व राहत नाही. आज त्यांना काय भाव येईल, आणि ते ठेवले तर फळीवरची किती जागा अडते, एवढेच पाहावे लागते. दुकानात जो मनुष्य हा नियम पाळतो तोच घरच्या हौदाबाबत मात्र विसरतो. म्हणून पहिला नियम असा की, वहीच्या नव्या पानावर फक्त आजपासून पुढे होणारा खर्च आणि आजपासून पुढे मिळणारा उपयोग लिहावा.

चालू खर्चाचा हिशोब

समजा, हौद १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल आहे. घरगुती हौदाचे हे नेहमीचे माप आहे. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार ७० घनमीटर येतो. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणजे हौद एकदा भरायला ७०,००० लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचे सात टँकर झाले.

हौद एकदा भरला म्हणजे पाण्याचा प्रश्न संपला असे नाही. उन्हाने पाणी उडते. कोरड्या दिवसांत रोज ६ मिलिमीटर पातळी उतरते असे धरले तरी ५० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ३०० लिटर आणि महिन्याला ९,००० लिटर पाणी हवेत जाते. एप्रिल-मे महिन्यांत पठारी भागात हे प्रमाण याहून जास्त असते. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते. दर आठवड्याला चार मिनिटे धुतली तरी महिन्याकाठी दोन-अडीच हजार लिटर जातात. म्हणजे महिन्याला एक टँकर पाणी तर नुसते हौद होता तसा ठेवायलाच लागते.

विजेचे गणितही सोपे आहे. एक अश्वशक्तीचा पंप चालू असताना तासाला साधारण एक युनिट वीज घेतो. सगळे पाणी दिवसातून एकदा गाळणीतून फिरावे म्हणून तो सात-आठ तास चालवावा लागतो. रोजचे ८ युनिट धरले तर महिन्याचे २४० युनिट होतात. घरगुती बिलात युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो. म्हणून हौदाची वीज सर्वांत महाग टप्प्याच्या दराने धरावी.

त्यानंतर औषधे. पाण्यात क्लोरीनचे प्रमाण दहा लाख भागांत १ ते ३ भाग आणि आम्लता मोजणारा पीएच ७.२ ते ७.८ राखावा लागतो. पीएच वाढला तर क्लोरीन टाकूनही जंतू नीट मरत नाहीत. फार उतरला तर डोळे झोंबतात आणि पंपाचा धातू व फरशीच्या सांध्यांतील सिमेंट खराब होते. पोहण्याच्या तलावातील पाण्याच्या गुणवत्तेसाठी भारतीय मानक आयएस ३३२८ आहे. पाण्याची देखभाल पत्करणाऱ्याने ते पाहून ठेवावे.

आता एका वर्षाचा हिशोब मांडू. दर गावागणिक वेगळे असतात, म्हणून पुढील रुपये केवळ समजुतीसाठी धरले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या गावचे दर घालावेत.

वीज : २४० युनिट, १२ महिने, १० रुपये दराने — २८,८०० रुपये
पाणी : कोरड्या आठ महिन्यांत आठ टँकर, १,५०० रुपये दराने — १२,००० रुपये
औषधे : महिना २,००० रुपये — २४,००० रुपये
सफाई करणाऱ्या माणसाची मजुरी : महिना ३,००० रुपये — ३६,००० रुपये
दुरुस्तीसाठी राखीव : २०,००० रुपये
एकूण : १,२०,८०० रुपये

आता या रकमेला वापराच्या दिवसांनी भागा. घर वर्षातून ३० दिवस भरत असेल तर हौदात उतरण्याचा एक दिवस ४,००० रुपयांहून थोडा अधिक पडतो. तेच कुटुंब कायम तेथे राहत असेल आणि वर्षातील २०० दिवस हौद वापरात असेल तर एक दिवस ६०४ रुपयांना पडतो. त्यात पाच माणसे पोहत असतील तर माणशी सव्वाशे रुपयेही होत नाहीत. हौद तोच आणि खर्चही तोच, पण पहिल्या घराला तो भार आहे आणि दुसऱ्याला रास्त आहे. म्हणून शेजाऱ्याने बुजवला म्हणून आपण बुजवणे, किंवा त्याने ठेवला म्हणून आपण ठेवणे बरोबर नाही. गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती दिवस वापर झाला हे घरातील सर्वांना विचारून लिहून काढावे. "पुढच्या वर्षी वापरू" हे दिवस मोजणीत धरू नयेत.

ज्यात तडजोड नाही अशी गोष्ट

येथपर्यंतचा हिशोब रुपयांचा होता. यापुढची गोष्ट रुपयांत मोजता येत नाही.

लहान मूल बुडताना बहुधा आवाज होत नाही. ते हाका मारत नाही, हातपाय आपटत नाही. मोठी माणसे ओसरीवर बोलत बसलेली असतात आणि दोन-चार मिनिटांत सर्व होऊन जाते. अमेरिकेत एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणे हे सर्वांत वरचे कारण आहे, आणि त्यात घरच्या हौदांचा वाटा मोठा आहे. फ्रान्सने २००३ साली कायदा करून खासगी हौदांना सुरक्षेची साधने सक्तीची केली. ऑस्ट्रेलियातील राज्यांतही घरच्या हौदाला कुंपण कायद्याने आवश्यक आहे. आपल्या केंद्र सरकारनेही बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये धोरणात्मक आराखडा जाहीर केला.

ज्या घरात पोहण्याची सवय नसलेली पाहुणे मंडळी सुट्टीत येतात आणि आठ-दहा लहान मुले एकदम जमतात, तेथे धोका अधिक असतो. प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी लक्ष ठेवून आहे. म्हणून हौद ठेवायचा असेल तर पुढील गोष्टी झाल्याच पाहिजेत.

१. हौदाला चारही बाजूंनी स्वतंत्र कुंपण हवे. घराची भिंत ही कुंपणाची चौथी बाजू धरू नये, कारण मुले घरातूनच बाहेर येतात. उंची निदान १.२ मीटर असावी, दोन गजांमधील फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि चढायला आडव्या पट्ट्या नसाव्यात.

२. फाटक आपोआप बंद होणारे आणि हौदाच्या उलट दिशेने उघडणारे असावे. कडी मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर बसवावी.

३. तळाच्या जाळीला पंपाची ओढ असते. जाळी तुटलेली असेल तर मुलाचे केस किंवा हात त्यात अडकू शकतात. जाळी शाबूत नसेल तर पंप चालू करू नये.

४. पाण्यातील दिवे १२ व्होल्टचे असावेत, आणि विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक बटण बसवलेले असावे.

५. क्लोरीनची पूड आणि आम्ल एका खोलीत शेजारी-शेजारी ठेवू नये. दोन्ही एकत्र आल्यास विषारी वायू निघतो.

कुंपणाचा खर्च जास्त वाटतो म्हणून तो टाळून हौद मात्र ठेवायचा, असा विचार कोणी करीत असेल तर त्याने हौद ठेवू नये. ज्याला कुंपण परवडत नाही त्याला हौद परवडत नाही, असेच समजावे.

हौदाची प्रकृती तपासा

ठेवायचा की बुजवायचा हे ठरवण्यापूर्वी हौद गळतो का, हे पाहावे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक बादली घ्या, तिच्यात हौदातलेच पाणी भरा आणि ती हौदाच्या पायरीवर अशी ठेवा की बादलीच्या आतील आणि बाहेरील पाणी एकाच पातळीवर राहील. दोन्हीकडे खूण करा. पंप बंद ठेवा आणि २४ तासांनी पाहा. बादलीतील पाणी जेवढे उतरले तेवढे उन्हाने गेले. हौदातील पाणी त्याहून जास्त उतरले असेल तर वरचा फरक गळतीचा. आपल्या उदाहरणातील हौदात हा फरक फक्त ५ मिलिमीटर निघाला तरी रोज २५० लिटर आणि महिन्याला ७,५०० लिटर पाणी जमिनीत जाते. शिवाय ते पाणी घराच्या पायाकडे चालले असेल तर नुकसान हौदापुरते राहत नाही.

गळती पाइपाच्या सांध्याची किंवा फरशीच्या सांध्याची असेल तर ती आटोक्यात येते. भिंत व तळ यांच्या सांध्यात लांब तडा गेला असेल, सळई गंजून काँक्रीट फुगले असेल, तर दर दोन वर्षांनी पैसे ओतावे लागतील. असा हौद ठेवण्याचा विचार सोडलेला बरा. जमिनीखालील पाण्याच्या टाक्या व पोहण्याचे तलाव यांच्या जलरोधक कामासाठी आयएस ६४९४ हे मानक आहे. मोठी दुरुस्ती करायची तर त्याप्रमाणे काम करणाऱ्यालाच द्यावी.

पाण्याचा आणखी एक विचार आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या जल मंडळाने पोहण्याच्या तलावांत पिण्यायोग्य पाणी वापरायला बंदी घातली होती. ज्या गावात मार्चनंतर बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात तेथे आपल्या दारात सात टँकर रिकामे होणे शोभत नाही, आणि शेजारधर्मालाही ते धरून नाही. आपली विहीर उन्हाळ्यात आटत असेल तर त्या चार महिन्यांत हौद चालू ठेवता येणार नाही, असेच हिशोबात धरावे.

सर्वांत वाईट मार्ग : तसाच सोडणे

बहुतेक घरांत निर्णय होत नाही. पंप बंद करतात, माणूस काढून टाकतात आणि हौद तसाच राहतो. यात खर्च वाचला असे वाटते, पण तोटा सुरू झालेला असतो.

साचलेल्या पाण्यात डासाचे अंडे साधारण आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो, आणि शहरी हिवताप पसरवणारा डासही विहिरी व टाक्यांत वाढतो. निर्णय व्हायला वेळ लागणार असेल तर निदान आरोग्य खात्याकडून गप्पी मासे आणून सोडावेत. मात्र पाण्यात क्लोरीन असेपर्यंत मासे जगत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. शिवाय हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही. त्यात पडलेले मूल वरून दिसत नाही.

काही जण उलट करतात. पाणी काढून हौद कोरडा ठेवतात. कोकणात किंवा सखल जागी हे विशेष धोक्याचे आहे. पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येते आणि रिकाम्या हौदाला खालून वर ढकलते. आपल्या उदाहरणातील हौदाचा तळ व भिंती २० सेंटिमीटर जाडीच्या धरल्या तर त्याचे वजन सुमारे ४५ टन होते. बाहेरचे पाणी तळापासून दीड मीटर चढले तर वर ढकलणारे बळ ७५ टन होते. मग तळ फुटतो किंवा हौद जागचा उचलला जातो. बंद पडलेली होडी पाण्यावर तरंगते त्याच नियमाने हे घडते. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर विहिरींची पातळी उतरेपर्यंत हौद पूर्ण रिकामा करू नये. रिकामा करायचा तो फेब्रुवारी ते मे या काळात.

चार मार्ग

पहिला मार्ग, ठेवून नीट चालवणे. वापर भरपूर, पाणी स्वतःचे, गळती नाही आणि कुंपण आहे, अशा घराने हा मार्ग धरावा. घरात सांधेदुखीचे वृद्ध असतील आणि डॉक्टरांनी पाण्यातील व्यायाम सांगितला असेल तर तोही खरा उपयोग आहे. शेतघर पर्यटकांना भाड्याने देऊन खर्च काढण्याचा विचार असेल तर तो व्यवसाय आहे असे समजूनच करावा. नोंदणी, वीजजोडणीचा प्रकार, देखरेखीचा माणूस आणि अपघाताची जबाबदारी या चार गोष्टींची आधी चौकशी करावी.

दुसरा मार्ग, पावसाच्या पाण्याची टाकी करणे. समजा, बंगल्याचे छप्पर १५० चौरस मीटर आहे आणि गावात वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. छपरावर १,०५,००० लिटर पाणी पडेल. त्यातील शेकडा ८० हाती लागले तरी ८४,००० लिटर होते, म्हणजे आपला ७०,००० लिटरचा हौद भरून पाणी उरते. कोकणात तर याच्या कित्येक पट पाऊस आहे. हे पाणी बागेला, धुण्याला, गुराढोरांना उपयोगी पडते. मात्र वर झाकण हवे. पाच मीटर रुंदीवर स्लॅब टाकणे हे अंदाजाने करण्याचे काम नाही. त्यासाठी अभियंत्याकडून आराखडा घ्यावा. हौद गळत असेल तर हा मार्ग निरुपयोगी आहे.

तिसरा मार्ग, अर्धवट काढून बुजवणे. यात भिंतींचा वरचा दोन-अडीच फुटांचा भाग फोडतात, तळाला भोके पाडतात आणि हौद भरून घेतात. खर्च कमी येतो आणि अंगण मिळते. परंतु त्या जागेवर पुढे खोली बांधता येत नाही.

चौथा मार्ग, तळासह सर्व काँक्रीट काढून भराव करणे. खर्च जास्त येतो. मलबा वाहून न्यावा लागतो आणि तो ओढ्या-नाल्यात टाकता येत नाही. पुढे त्या जागी बांधकाम करायचे असेल तरच हा मार्ग घ्यावा, आणि भराव अभियंत्याच्या देखरेखीखाली करून घ्यावा.

तिसऱ्या मार्गाचा खर्च आता मांडून पाहू. बांधकामात माती-मुरूम ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. ७० घनमीटरचे सुमारे २५ ब्रास होतात. धुमसल्यावर माल बसतो, म्हणून चौथाई अधिक धरून ३१ ब्रास लागतील. त्यातील सहा ब्रास वरच्या एक फुटाच्या थरासाठी बागेची माती आणि २५ ब्रास मुरूम. येथेही दर समजुतीपुरतेच. मुरूम ५०,००० रुपये, माती १२,००० रुपये, फोडकाम व मजुरी ५०,००० रुपये, धुमसणे व पाणी मारणे १५,००० रुपये, एकूण १,२७,००० रुपये. वर्षाचा चालू खर्च १,२०,८०० रुपये होता. म्हणजे बुजवण्याचा खर्च सुमारे तेरा महिन्यांत भरून निघतो. वर्षाला तीस दिवस वापरणाऱ्या घराला हे गणित स्पष्ट आहे. तरीही एक गोष्ट विसरू नये. बुजवलेला हौद पुन्हा हवा झाला तर नव्याने बांधण्याचा खर्च येतो. म्हणून नातवंडे चार-पाच वर्षांत पोहण्याच्या वयाची होणार असतील आणि कुटुंब तेथे राहायला येणार असेल, तर तो विचारही वहीत लिहावा.

कारागीर बंधूंसाठी

बुजवण्याचे काम सोपे दिसते, पण त्यात बदनामी पटकन होते. एका पावसाळ्यानंतर अंगण खचले की मालक सर्वांना सांगत सुटतो. म्हणून पुढील क्रम पाळावा.

प्रथम पाण्यातील क्लोरीन काही दिवस उन्हात उडू द्यावे आणि मग पाणी सावकाश काढावे. ते शेजाऱ्याच्या शेतात किंवा ओढ्यात सोडू नये. वीजजोडणी मुख्य फळ्यापासून तोडावी आणि सर्व पाइपांची तोंडे बंद करावीत. पंप, गाळणी, दिवे, काठाचे दगड हे सुटे काढून मालकापुढे मोजून ठेवावेत. त्यांना बाजारात किंमत येते आणि ती मालकाची आहे.

तळाला दर दीड-दोन मीटरवर फूटभर रुंदीची आरपार भोके पाडावीत. खोल बाजूला ती जास्त हवीत. हे टाळले तर जमिनीखाली एक मोठा वाडगाच राहतो. त्यात पावसाचे पाणी साठते, वरची माती दलदल होते आणि झाडांची मुळे कुजतात. भोके पाडल्यावर ती बुजवण्यापूर्वी मालकाला दाखवावीत व फोटो काढून ठेवावेत.

तळाला फूटभर दगडांचा थर द्यावा. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड पसरावे, म्हणजे वरची माती दगडांत उतरणार नाही. त्यावर मुरूम २० ते २५ सेंटिमीटरच्या थरांनी टाकावा, प्रत्येक थराला पाणी मारून यंत्राने धुमसावे आणि मगच पुढचा थर घ्यावा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा माल पोकळ राहतो. भरावासाठी काळी माती वापरू नये. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. शेवटी मधोमध दोन-तीन इंच उंचवटा ठेवावा, म्हणजे पहिल्या पावसात माती बसल्यावर तेथे डबके होणार नाही.

मुरूम हे गौण खनिज आहे. वाहतुकीचा परवाना व स्वामित्वधनाची पावती असलेल्या मालकाकडूनच तो घ्यावा. विनापावती गाडी पकडली गेली तर ठेक्याचा सगळा नफा दंडात जातो.

अंदाजपत्रक एकरकमी न देता फोडकाम, भराव, धुमसणे, मलबा वाहतूक असे वेगवेगळे लिहून द्यावे. काम अर्धवट काढण्याचे आहे की पूर्ण, हे ठळक लिहावे. ज्या हौदाची गळती दोन सांधे भरून थांबते तो बुजवण्याचा सल्ला देऊ नये, आणि ज्याचा तळ गेला आहे त्यावर नुसती नवी फरशी बसवून पैसे घेऊ नयेत. खरे सांगितल्यामुळे एखादे काम हातचे जाईल, पण तोच मालक पुढची पाच कामे घेऊन येतो. बादलीची तपासणी करून लेखी अहवाल देण्याची वेगळी मजुरी सांगायलाही संकोच करू नये. तेही कौशल्याचेच काम आहे.

सह्या, कागद आणि विक्री

घर वडिलोपार्जित असेल आणि वाटणी झालेली नसेल तर एका भावाने परस्पर हौद फोडू नये. समजा, तीन भाऊ आहेत. एक गावी राहून वीज व सफाईचा खर्च भरतो, दुसरा मुंबईत आहे, तिसरा दुबईत आहे आणि वर्षातून एकदा येतो. हौद हवा असा आग्रह बहुधा तिसऱ्याचा असतो आणि खर्च पहिल्याच्या अंगावर पडतो. अशा वेळी वर्षभराचा हिशोब तिघांपुढे ठेवावा आणि विचारावे की आपापला वाटा दरमहा द्याल काय. वाटा लेखी कबूल झाला तर हौद ठेवावा. नाही झाला तर बुजवण्याच्या संमतीपत्रावर बहिणींसह सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. नंतर मनात अढी राहत नाही.

घरावर कर्ज असेल तर बँकेला कळवावे. बंगला वसाहतीत असेल तर संस्थेची परवानगी घ्यावी, आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत काय लागते ते विचारून घ्यावे.

विक्रीचा विचार असेल तर घाईने बुजवू नये. ज्या भागात पर्यटक येतात तेथे चांगला हौद हा गिऱ्हाईकाला आकर्षण असतो, आणि नुसत्या वस्तीच्या गावात तोच अडचण वाटतो. दोन-तीन दलालांना विचारावे. बुजवून विकणार असाल तर ती गोष्ट खरेदीदाराला सांगितलीच पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला साध्या तपासणीत दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करणे बंधनकारक आहे. हिरवळीखाली काँक्रीटचा हौद आहे हे कोणाला वरून दिसणार नाही. उद्या त्या जागी त्याने भिंत बांधली आणि ती खचली, तर जबाबदारी आपल्यावर येईल. म्हणून कामाचे फोटो, मापे आणि अंदाजपत्रक घराच्या कागदांबरोबर ठेवून द्यावे.

निर्णयासाठी पाच प्रश्न

घरातील मंडळी एकत्र बसवून पुढील पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१. गेल्या वर्षी हौद प्रत्यक्ष किती दिवस वापरला, आणि एक दिवस किती रुपयांना पडला?
२. चारही बाजूंनी कुंपण आहे काय? नसेल तर ते कोणत्या तारखेपर्यंत होणार?
३. एप्रिल-मे महिन्यांत पाणी कोठून येणार?
४. बादलीच्या तपासणीत गळती किती निघाली?
५. पुढील पाच वर्षे खर्च कोण देणार आणि देखरेख कोण करणार? नाव लिहा.

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली आणि पाचव्यापुढे एखाद्याचे नाव लिहिले गेले तर हौद खुशाल ठेवा आणि नीट चालवा. पाचव्या प्रश्नापुढची जागा कोरी राहिली तर टाकीचा किंवा बुजवण्याचा मार्ग धरा. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर बाकीचे प्रश्न सोडवत बसण्यापूर्वी आजच हौदाभोवती तात्पुरते का होईना पण मजबूत कुंपण घाला व फाटकाला कुलूप लावा. हौदाचे काय करायचे ते पुढच्या महिन्यात ठरले तरी चालेल. मुलांच्या सुरक्षेला मात्र एक दिवसाचाही उशीर चालणार नाही.